गोलघुमट बघायला निघण्याआधी (आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. सोलापूर–विजापूर एकदिवसीय सहलीसाठी तुम्ही आमच्याकडे नाव नोंदवलंत. आमचा व्याप लहान आहे. गाड्या दोन, आणि सोबत येणारा माणूस घरचाच. त्यामुळे भोंगा लावून माहिती सांगायची सोय नाही, आणि गोलघुमटात तसं सांगून काही कळतही नाही. एक वाक्य बोललं की त्याचे सात-आठ प्रतिध्वनी अंगावर येतात. म्हणून जे सांगायचं ते आधीच इथे लिहून देतोय. भीमा ओलांडेपर्यंत वाचून होईल.

पाट्यांवर आता ‘विजयपुरा’ दिसेल, पण आपल्या तोंडी विजापूरच आहे, म्हणून इथेही तेच नाव ठेवलंय.

आमची एकच विनंती आहे. बहुतेक मंडळी आत शिरतात, तडक जिना धरतात, वर जाऊन ओरडतात आणि खाली येऊन उसाचा रस पितात. तुम्ही आधी दहा मिनिटं खाली, मधल्या चौथऱ्याजवळ थांबा आणि मान वर करून कोपऱ्यांकडे बघा. या इमारतीची सगळी करामत त्या कोपऱ्यांत आहे. आवाजाची गंमत त्यातूनच पुढे निघते.

ही कबर कुणाची?

मुहम्मद आदिलशहाची. १६२७ ते १६५६ अशी त्याची कारकीर्द. शहाजीराजे ज्याच्या पदरी होते तो हाच सुलतान. १६४८ मध्ये त्यांना कैद करवणारा आणि पुढच्या साली सोडणाराही हाच. १६५६ च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच सालाच्या अखेरीस हा वारला. अफझलखानाची मोहीम निघाली ती त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात.

दक्षिणेकडच्या दारावर फारसीत तीन ओळी कोरल्या आहेत. फारसीत प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो. त्या आकड्यांची बेरीज केली की तिन्हींतून एकच आकडा निघतो, हिजरी १०६७, म्हणजे मृत्यूचं साल. एका ओळीचा अर्थ ‘स्वर्गवासी सुलतान मुहम्मद’ असा काहीसा आहे.

आत चौथऱ्यावर जी थडगी दिसतात ती वरची, दाखवायची. खऱ्या कबरी बरोबर त्यांच्याखाली तळघरात आहेत. ज्या थडग्यावर लाकडी मांडव आहे ते सुलतानाचं. एका बाजूला त्याची धाकटी बेगम अरूस बीबी आणि नातू, दुसऱ्या बाजूला रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी, मुलगी आणि थोरली बेगम. रंभेबद्दल वाटाडे एक कडेलोटाची गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, ऐकून घ्या. इतिहास म्हणून घरी नेऊ नका.

बापाशी स्पर्धा

मुहम्मदचा बाप दुसरा इब्राहिम आदिलशहा. त्याची कबर, इब्राहिम रोजा, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि दुपारी आपण तिथे जाणार आहोत. तिथल्या भिंतींवरची कोरीव अक्षरं, दगडाच्या जाळ्या, सडपातळ मिनार बघितले की मुलासमोर काय पेच पडला असेल ते लक्षात येतं. नक्षीत बापाच्या वरचढ होणं अवघडच होतं. मग त्याने आकार धरला. नक्षी जवळपास नाहीच. भला थोरला चौकोनी डबा आणि त्यावर उपडी ठेवलेली कढई, एवढाच जामानिमा. पुढे त्याच्या मुलाने आजोबा आणि बाप दोघांनाही मागे टाकायला स्वतःच्या कबरीचं, म्हणजे बारा कमानचं, काम काढलं. ते अर्धवटच राहिलं आणि आज नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. आमच्यापैकी काहींना त्याच जास्त आवडतात, पण तो वाद गाडीत घालू.

गोलघुमटाचा रचनाकार म्हणून याकूत दाबुली हे नाव परंपरेने घेतलं जातं. दाबुली म्हणजे दाभोळचा. रत्नागिरीकडच्या प्रवाशांची कॉलर इथे जरा ताठ होते, आमची हरकत नाही. विजापूरच्या जामा मशिदीतल्या सोनेरी मिहराबीवर (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर) तर त्याचं नावच कोरलेलं आहे.

आकडे, थोडक्यात

बाहेरून प्रत्येक बाजू साधारण ४७.५ मीटर. आतलं दालन ४१ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, मध्ये एकही खांब नाही. चौरस फुटांत धरलं तर अठरा हजारांच्या वर. सोलापुरातला साडेसातशे फुटांचा फ्लॅट घ्या, तसे चोवीस मावतील. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. तीन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तरी थोडी जागा उरेल. जमिनीपासून शेंड्यापर्यंतची उंची सुमारे ५१ मीटर. भिंती तीन मीटर जाड, काळ्या दगडाच्या. घुमट मात्र विटा आणि चुन्याचा, तोही तळाशी जवळपास तीन मीटर जाड.

‘जगातला दुसऱ्या नंबरचा घुमट’ असं तिथे कुणीतरी नक्की सांगेल. ते खरं नाही. रोमचं पॅन्थिऑन (४३ मीटर) आणि सेंट पीटर हे दोन्ही व्यासाने मोठे आहेत, फ्लॉरेन्सचा घुमटही मोठा, आणि आजकालच्या क्रीडागृहांची छपरं धरली तर यादी लांबते. पण ताजमहालाच्या मुख्य घुमटाचा आतला व्यास साधारण १८ मीटर आहे, म्हणजे याच्या निम्म्याहून कमी. शिवाय ताजचा घुमट दुहेरी आहे. बाहेरून दिसतो तो वेगळा, आतून दिसतो तो वेगळा. इथे एकच कवच. बाहेरून जे दिसतं तेच आतून डोक्यावर असतं.

चौकोनावर गोल कसा बसवला?

आता मुद्द्याचं. भिंती चौकोनी, घुमट गोल. चौकोनी डब्यावर गोल झाकण ठेवलं तर बाजूंच्या मध्याला ते टेकेल, चारही कोपरे उघडे पडतील. बांधकामात ते कोपरे भरून काढावे लागतात आणि वरचं वजन कशावर तरी पेलावं लागतं. साध्या इमारतीत कोपऱ्यात तिरपी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन करतात आणि वेळ मारून नेतात. इतक्या मोठ्या घुमटाला ते पुरलं नसतं.

दारात काढतात ती रांगोळी आठवा: एक चौकोन, त्यावर दुसरा चौकोन तिरपा फिरवलेला. आठ टोकांची चांदणी तयार होते आणि मधोमध अष्टकोन उरतो. गोलघुमटाच्या कोपऱ्यांत हीच रांगोळी हवेत उभी केली आहे. आठ प्रचंड कमानी भिंतींपासून उठतात, आत झुकतात, एकमेकींना छेदतात. त्यांच्या छेदांमधून जी चांदणी होते तिच्या पोटात एक वर्तुळ मिळतं, आणि त्या वर्तुळाभोवती, थोडा मागे सरकून, घुमट बसतो. खालून बघताना एक कमान नजरेने धरा आणि ती कुठून निघून कुठे टेकते ते शोधा. पहिल्यांदा डोळा चुकतोच, कारण मध्येच ती दुसरीच्या मागे जाते. पुन्हा करा. तिसऱ्यांदा सगळी आकृती एकदम उलगडते, आणि तो क्षण वरच्या ओरडण्यापेक्षा मोठा आहे असं आमचं प्रामाणिक मत आहे.

याचा आणखी एक फायदा. कुठलाही घुमट पाय फाकवून बसल्यासारखा असतो, तो खालच्या भिंतींना बाहेर ढकलतो. इथे कमानींचं सगळं बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं आहे, त्यामुळे त्याचं वजन आत ओढतं. एक बाहेर रेटतंय, दुसरं आत खेचतंय, आणि भिंतींवर उरतो तो बहुतांशी सरळ खाली येणारा भार. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराने हे गणित मांडलं आणि कौतुक करताना हात आखडता घेतला नाही.

आणि घुमटाच्या बुडाशी आतून गोल फिरणारी गॅलरी, जिथे सगळे ओरडायला जातात? ती याच मागे सरकण्यातून मिळाली. कमानींचं वर्तुळ लहान, घुमट त्याहून मोठा, म्हणून मध्ये सव्वातीन मीटरचा कट्टा उरला. त्यावर आपण उभे राहतो.

वर चढताना

चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे आहेत, सात-सात मजली. जिने त्यांच्या पोटात आहेत. अरुंद, गोल फिरणारे, पायऱ्या उंच. गुडघेदुखी असेल तर खालीच थांबा. जे बघायचं ते खालूनच जास्त दिसतं, हे वर सांगितलंच आहे. चढणाऱ्यांनी मध्ये मध्ये खिडकीशी थांबून दम घ्यावा, मागच्याला वाट द्यावी.

वर गच्चीवर आलात की घुमटाच्या बुडाशी पाकळ्या दिसतील. घुमट कमळातून उमलल्यासारखा केलाय. पाकळ्यांना हात लावून बघा, म्हणजे खालून नाजूक दिसणारी ही गोष्ट केवढी आहे ते कळेल. तिथून घुमटाच्या जाडीतल्या दारांतून आत गॅलरीत जायचं.

आत गेल्यावर भिंतीला कान लावा. आवाज गोलाकार भिंतीला धरून सरकत जातो आणि समोरच्या टोकाला, ३८ मीटरवर, स्पष्ट पोचतो. ओरडण्यात मजा नाही, कुजबुजण्यात आहे. मागे एका फेरीत आमच्या एक आजी एका बाजूला बसल्या, आजोबा समोर. आजी भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, “अहो, बीपीची गोळी घेतलीत का?” समोर आजोबांचा हात निमूट खिशाकडे गेला. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या लांबून पहिल्यांदाच पकडले गेलो, असं ते परतीच्या वाटेवर म्हणाले.

हे सगळं सकाळीच जमतं. एकदा शाळांच्या सहली आल्या की शिट्ट्या आणि किंकाळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. आम्ही पहाटे साडेचारला गाडी काढतो ते एवढ्यासाठीच. तक्रारी येतात, वेळ बदलत नाही.

किरकोळ, पण लक्षात ठेवा

चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हात दगड तापतो, जाड मोजे आणा. भिंतींवर नावं कोरणाऱ्या माणसाला आम्ही परतीच्या गाडीत घेत नाही. हे गमतीने लिहिलेलं नाही. समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. शुक्रवारची फेरी घेतली असेल तर तो वेळ मुलूखमैदान तोफेला देऊ. ती तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली, परांड्याच्या किल्ल्यावरून इथे आलेली.

दुपारचं जेवण स्थानिक खानावळीत: ज्वारीची रोटी, भरली वांगी, शेंगा चटणी. चटणी आपल्यासारखीच आहे. कुणाची जास्त चांगली, हे तिथे बोलू नये.

गाडी पहाटे साडेचारला निघते. पावणेपाचला नाही.