मिनामाता: पारा आणि चेतापेशी यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

पर्यावरणातील विषारी द्रव्ये मेंदूतील चेतापेशींची हानी कशी करतात, या विषयाचा आजचा बराचसा अभ्यास जपानमधील मिनामाता या किनारी गावातून सुरू होतो. क्यूशू बेटावरील या गावात चिस्सो कंपनी १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड या औद्योगिक रसायनाचे उत्पादन करीत होती. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्याचा काही अंश मिथिल पारा या पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगात रूपांतरित होऊन सांडपाण्यावाटे खाडीत जात असे आणि तेथील मासे व शिंपल्यांत साठत असे. गावातील मांजरे झटके येऊन, तोल जाऊन मरू लागली होती. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराची माहिती आरोग्य खात्याला कळवली. हातपाय बधिर होणे, चाल डळमळणे, बोबडे बोलणे आणि दृष्टीचे क्षेत्र आक्रसत जाणे ही त्याची लक्षणे होती.

प्रथम साथीचा संशय आला, पुढे मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेक नावे पुढे येत गेली. कंपनीकडून सहकार्य नसल्यामुळे कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांना विषाचा माग मृतांच्या मेंदूतूनच काढावा लागला, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. शवविच्छेदनात लहान मेंदूतील कणपेशी (अगदी छोट्या चेतापेशी) मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या दिसत होत्या, मात्र त्यांना लागूनच असलेल्या पर्किंजी पेशी (मोठ्या चेतापेशी) तुलनेने शाबूत होत्या; दृष्टीशी संबंधित मेंदूच्या भागातही पेशींचा असाच ऱ्हास झालेला होता. हानीची ही ठेवण ओळखीची होती. इंग्लंडमध्ये मिथिल पाऱ्याचे बुरशीनाशक तयार करणाऱ्या कामगारांची लक्षणे हंटर, बॉमफर्ड आणि रसेल यांनी १९४० मध्ये नोंदवली होती आणि त्यांपैकी एकाच्या मेंदूचे वर्णन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच्याशी जुळणी झाल्यावर जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाच्या गटाने सेंद्रिय पाऱ्याचे नाव घेतले. त्याच वर्षी होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून दिलेले एक मांजर ऑक्टोबरमध्ये आजारी पडले, पण कंपनीने ही माहिती बाहेर येऊ दिली नाही. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करण्यास सप्टेंबर १९६८ उजाडावा लागला, आणि तोवर जपानमध्येच नीगाता येथे दुसरा उद्रेक होऊन गेला होता.

मिथिल पारा मेंदूत शिरतो तो एक प्रकारे तोतयेगिरी करून. सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडला गेल्यावर तो मिथिओनिनसारखा भासतो आणि रक्त व मेंदू यांमधील अडसर ओलांडणारे वाहक प्रथिन त्याला आत घेते. आत गेल्यावर तो प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतो, पेशीतील ऑक्सिडीकरणविरोधी संरक्षण दुबळे करतो आणि ग्लुटामेट हे चेतापेशींना उत्तेजित करणारे संदेशवाहक द्रव्य शोषून घेणाऱ्या तारकापेशींचे (चेतापेशींच्या साहाय्यक पेशींचे) काम बिघडवतो. साठून राहिलेले ग्लुटामेट मग चेतापेशींना अतिउत्तेजित करून मारते.

वार (प्लॅसेंटा, म्हणजे गर्भाला मातेच्या रक्तातून पोषण देणारा अवयव) गर्भाचे विषांपासून रक्षण करते, हा त्या काळचा समज मिनामातातच मोडला. मातेत लक्षणे नगण्य असूनही काही मुले गंभीर मेंदूविकार घेऊन जन्मली. हे विष वार ओलांडून गर्भात पोहोचते हे डॉक्टर मासाझुमी हारादा यांनी दाखवले. जपानमध्ये बाळाची सुकलेली नाळ जपून ठेवण्याची प्रथा असल्याने पुढे त्या नाळांतील पाराही मोजता आला. इराकमध्ये १९७१-७२ साली बुरशीनाशक लावलेले, पेरणीसाठी आयात केलेले धान्य लोकांनी भाकरीसाठी वापरले, तेव्हा ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ मरण पावले. तेथील अर्भकांच्या मेंदूच्या तपासणीत चेतापेशी आपापल्या थरापर्यंत न पोहोचता वाटेतच अडकलेल्या आढळल्या. पेशींच्या स्थलांतरासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका (पेशीतील आधार देणारे बारीक तंतू) मिथिल पारा मोडून टाकतो. त्यामुळे प्रौढांत ठरावीक भागांपुरती असलेली हानी गर्भात मेंदूभर पसरते.

पुढचा वाद अल्प मात्रेचा होता. पायलट देवमाशाचे मांस खाल्ले जाणाऱ्या फेरो बेटांवर, गर्भावस्थेत अधिक पारा पोहोचलेल्या सात वर्षांच्या मुलांत स्मृती, भाषा आणि अवधान यांत उणीव आढळली; रोज मासे खाणाऱ्या सेशेल्समधील मुलांत मात्र तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ मध्ये दर किलो वजनामागे दररोज ०.१ मायक्रोग्रॅम ही मिथिल पाऱ्याच्या सेवनाची मर्यादा कायम ठेवताना प्रामुख्याने फेरोच्या निष्कर्षांचा आधार घेतला.