पार्श्वभूमी : इंग्रजीची साधने खुली झाली, नोकऱ्यांची दारे का नाहीत?

इंग्रजी शिकणाऱ्याला आज साधनांची वाण नाही. शिकाऊंसाठीचे उत्तमोत्तम शब्दकोश इंटरनेटवर फुकट चाळता येतात, शिक्षकाला तयार पाठ, श्रवणाचे नमुने, सरावाच्या प्रश्नपत्रिका बसल्या जागी मिळतात. शिकवण्याच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत मात्र ‘नेटिव्ह स्पीकर हवा’, म्हणजे लहानपणापासून इंग्रजीतच वाढलेला माणूस हवा, ही अट अजूनही सर्रास दिसते. ही अट इंग्रजी शिक्षणाच्या जन्मापासूनची आहे, असे बरेच शिक्षकही धरून चालतात. ते खरे नाही.

केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने १९१३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिला तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. सुमारे बारा तासांच्या त्या परीक्षेत निबंध, व्याकरण, उच्चारशास्त्र, श्रुतलेखन, संभाषण हे सगळे होतेच. शिवाय फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून त्या भाषांत भाषांतरही करावे लागे. परीक्षा होती ती परदेशांतल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परदेशी लोकांसाठी. म्हणजे शिक्षक दुसऱ्या भाषेत वाढलेला असणार आणि दोन भाषांमध्ये ये-जा करणे हे त्याच्या कामाचाच भाग असणार, हे परीक्षा आखणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

वर्गात फक्त शिकायचीच भाषा बोलायची, ही कल्पना तोवर दुसऱ्या बाजूने आलेली होती. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८७८ मध्ये निघालेल्या एका खाजगी भाषाशाळेने ती जगभर नेली. पद्धत धंद्याच्या सोयीची होती. वर्गात चार देशांची माणसे बसली, तर शिक्षकाला त्यांच्या चार भाषा येण्याची गरज उरत नाही.

साधनांचा खरा पाया मात्र दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टोकियोत घातला गेला. १९२२ मध्ये जपान सरकारचे सल्लागार म्हणून गेलेल्या एका इंग्रज भाषातज्ज्ञाने पुढच्याच वर्षी तिथे संशोधन संस्था उभी केली. कोणते शब्द आधी शिकवावेत, कोणते क्रियापद कोणत्या रचनेत चालते, याच्या याद्या तिथे वर्षानुवर्षे तयार होत राहिल्या. त्यातूनच १९४२ मध्ये टोकियोत एक शब्दकोश छापला गेला आणि १९४८ मध्ये तो इंग्लंडमधून निघून जगभर पोहोचला. त्यातली एक बारीकशी सोय पाहा. मोजता येणाऱ्या आणि न मोजता येणाऱ्या नामांना त्यात वेगवेगळ्या खुणा होत्या. ‘इन्फर्मेशन’ला अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही, हे इंग्रजीतच वाढलेल्या माणसाला कधी शोधावे लागत नाही. जपानी विद्यार्थी तिथे रोज अडखळत होता, म्हणून ती खूण आली. शिकणाऱ्याच्या अडचणींतून घडलेले इतके मोलाचे साधन मला दुसरे दिसत नाही.

बाकीची साधने थोडक्यात अशी : १९३० चे ८५० शब्दांत बसवलेले सोपे इंग्रजी ‘बेसिक इंग्लिश’, १९५३ ची शिकणाऱ्याला उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी, १९४३ पासून लंडनहून नभोवाणीवरचे इंग्रजीचे धडे, १९५९ पासून वॉशिंग्टनहून सुमारे दीड हजार शब्दांत, संथ लयीत वाचल्या जाणाऱ्या बातम्या.

मग आले १९६१. त्या जानेवारीत युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली. आफ्रिका-आशियातले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, खुद्द युगांडा स्वतंत्र व्हायला पावणेदोन वर्षे होती आणि शाळांना शिक्षक कमी पडत होते. या परिषदेच्या नावावर पाच सूत्रे सांगितली जातात : इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर, जितक्या लहान वयात सुरुवात तितके चांगले, जितके जास्त तास तितके चांगले, इतर भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो.

इथे एक गुंता सोडवायला हवा, कारण वाद घालणारे दोन्ही बाजूंनी तो अर्धवट सांगतात. ही पाच सूत्रे परिषदेच्या अहवालात अशी ओळीने छापलेली नाहीत. १९९२ मध्ये इंग्रजीच्या जागतिक वर्चस्वावर टीका करणाऱ्या एका अभ्यासकाने अहवालातून ती वेचून काढली आणि पाचही भ्रामक ठरवली. परिषदेत स्थानिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही विचार झाला होता, हे टीकेच्या भरात मागे पडते. म्हणून ‘मकेरेरेने ठराव करून बाकीच्यांना बाहेर काढले’ असे म्हणणे चुकीचे आहे. पण ‘सूत्रे अहवालात नाहीतच, मग वाद कशाला’ हेही पटणारे नाही. एकदा ती दृष्टी तज्ज्ञांच्या बैठकीत रुजली की पुस्तके, अभ्यासक्रम आणि भरती तिच्याच मापाने होऊ लागतात. पुढे झाले तेच.

पाचांपैकी लहान वयाबद्दलचे सूत्र आठवड्याला दोन-तीन तासांच्या शालेय वर्गात टिकत नाही. तिथे मोठी मुले लहानांपेक्षा वेगाने शिकतात, असे नंतरच्या संशोधनात वारंवार दिसले. मातृभाषेच्या वापराबद्दलचा कडकपणाही बराच सैलावला आहे. सर्वांत चिवट निघाले ते आदर्श शिक्षकाचे सूत्र. ज्याने भाषा कष्टाने कमावली, त्याला विद्यार्थी नेमका कुठे अडेल हे आधीच कळते. १९१३ मध्ये हीच शिक्षकाची पात्रता होती आणि अर्धशतकाच्या आत ती उणीव ठरली. हे नुकसान फक्त शिक्षकांचे झाले असे मला वाटत नाही. आपल्यासारखाच शिकून तयार झालेला शिक्षक समोर असणे, हा विद्यार्थ्याचाही हक्क होता.

१९६२ मध्ये लंडनच्या एका खाजगी शाळेने शिक्षकांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. त्यातूनच आजचा चार आठवड्यांचा, १२० तासांचा आणि त्यात प्रत्यक्ष शिकवणीचे सहा तास असलेला प्रमाणपत्राचा ढाचा घडला. इंग्रजी बोलत वाढलेल्या पदवीधराला एवढ्यावर परदेशात वर्ग मिळू लागला. परदेशी तरुणांना इंग्रजी शिकवण्यासाठी शाळांत आणणारी जपान सरकारची योजना १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात चारच देशांचे तरुण होते : अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. शिक्षणशास्त्राची पदवी हवीच, अशी अट तिला नव्हती. पुढे तिथे इतर देशांनाही जागा मिळाली. दक्षिण कोरियाने तर भाषाशिक्षकांच्या व्हिसासाठी सात देशांची यादीच ठरवली. दोन दशके वर्गात घालवलेल्या शिक्षिकेचा अर्ज अशा ठिकाणी पासपोर्ट पाहूनच बाजूला पडतो.

विरोधही व्यवसायाच्या आतूनच झाला. १९६६ मध्ये अमेरिकेत आणि १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या दोन शिक्षक संघटना आज परिषदा, शिष्यवृत्त्या आणि संशोधनासाठी सगळ्यांत मोठे व्यासपीठ आहेत. त्यांपैकी अमेरिकेतल्या संघटनेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भरतीतल्या भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली आणि २००६ मध्ये ती अधिक स्पष्ट शब्दांत मांडली. भाषा कितपत येते हे ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांत मोजणाऱ्या युरोपच्या मापदंडात २००१ साली बी२ या चौथ्या पातळीचे वर्णन ‘नेटिव्ह स्पीकरशी सहज संवाद’ असे होते. २०१८ च्या पुरवणीत अशा वर्णनांतून तो उल्लेख काढून ‘ती भाषा बोलणाऱ्यांशी’ असा बदल झाला. परीक्षा, पाठ्यपुस्तके आणि अभ्यासक्रम या मापदंडावर बेततात, म्हणून शब्दांच्या या छोट्या बदलाचे मोल मोठे आहे.

इंटरनेटने साधनांचा प्रश्न जवळपास मिटवला, संधींचा नाही. ऑनलाइन शिकवण्या वाढल्या तसे फिलिपिन्समधले शिक्षक जपान-कोरियातल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्याच काळात चीनमधल्या मुलांना शिकवणाऱ्या काही बड्या कंपन्या उत्तर अमेरिकेतलेच शिक्षक घेत होत्या. २०२१ मध्ये चीनने देशाबाहेर बसून मुलांना शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांवरच बंदी घातली आणि त्या नोकऱ्याही आटल्या. मुक्त परवान्याचे पाठ, मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम, परिषदांना जाण्यासाठीच्या शिष्यवृत्त्या कोणत्याही देशातल्या शिक्षकाला मागता येतात. कोरियाच्या व्हिसाची सात देशांची यादी मात्र, एखाद्या कराराने दिलेली सवलत सोडली, तर अजून तशीच आहे.