डीसी केबलचा जोड म्हातारा होत नाही?

विहिरीवर मोटरच्या केबलचा जोड काळ्या टेपनं गुंडाळताना आमच्याकडं एक वाक्य हमखास निघतं: "डीसी बॅटरीसारखी सरळ वीज, तिनं इन्सुलेशन खराब होत नाही." चंद्रपूर-पडघे ही 752 किलोमीटरची 500 केव्हीची (म्हणजे 5 लाख व्होल्टची) डीसी लाइन याच जिल्ह्यातून निघते, म्हणून हा समज इथं जास्तच पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे.

ती लाइन टॉवरवर आहे, तिथं इन्सुलेशनचं काम मुख्यतः हवा करते. खरी परीक्षा जमिनीखालच्या केबलची, त्यातही जोडाची.

एसीमध्ये (घरी येणारी, सतत दिशा बदलणारी वीज) विद्युत दाब इन्सुलेशनच्या परावैद्युत गुणधर्मानुसार, म्हणजे विद्युत क्षेत्रात तो पदार्थ किती भार धरून ठेवतो त्यानुसार, वाटला जातो आणि तो गुणधर्म तापमानानं फारसा बदलत नाही. डीसीत मात्र वाटणी होते ती इन्सुलेशनमधून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहाच्या हिशेबानं. तारेतला प्रवाह वाढला, तार तापली की आतला थर जास्त वाहक होतो आणि दाबाचा ताण बाहेरच्या थराकडं सरकतो. एसीसाठी आखलेला जोड इथं बसवला तर ताण भलत्याच जागी चढतो.

जोडात पॉलिथिनवर रबर घट्ट बसवलेलं असतं. दोघांची वाहकता वेगळी, म्हणून सांध्यावर विद्युतभार हळूहळू साचतो. डीसीची दिशा बदलत नाही, त्यामुळं तो निघूनही जात नाही. एसीचं डीसी करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या केंद्रांत वीज उलटी पाठवायला ध्रुव (अधिक-उणे) उलटवतात. त्या क्षणी हाच साचलेला भार नव्या दाबात भर घालतो. जोडासाठी केबल सोलताना राहिलेला चाकूचा बारीक ओरखडा किंवा धुळीचा कण इथंच नडतो.