जुन्या ट्रकला ब्रेकचे पार्ट घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

काउंटरवर येऊन कुणी "सोळा-तेराचे (टाटा १६१३ ट्रकचे) मागचे लायनर द्या" एवढंच म्हटलं, तर आम्ही लगेच माल काढत नाही. आधी जुना लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, बघायला मागतो आणि तो ज्याला आतून घासतो त्या चाकाच्या ड्रमचं माप विचारतो. घाईत असलेल्या ड्रायव्हरला याचा कंटाळा येतो, हे आम्हाला दिसतं. पण दहा-पंधरा वर्षं पळालेल्या गाडीत नुसत्या मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही. तिचे दोन-तीन मालक बदललेले असतात. कुणी मागचं हाउसिंग दुसरं टाकलेलं असतं, कुणी रस्त्यात अडकल्यावर मिळेल तो बूस्टर (हवेच्या जोरावर ब्रेक आवळणारा डबा) बसवून वेळ मारून नेलेली असते. आर.सी. बुकात यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून आज गाडीला प्रत्यक्ष काय बसलंय ते बघूनच पार्ट घ्या.

आधी ड्रम, मग लायनर

बहुतेक ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा उठवलेला असतो. वायर ब्रशने गंज आणि ग्रीस काढलं की तो वाचता येतो. लेथवर टर्निंग केलं, म्हणजे आतली बाजू कातली, की ड्रमचा व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते. पातळ ड्रम घाटात लवकर तापतो आणि तडकतो. व्यास त्या आकड्यापुढे गेला असेल तर ड्रम भंगारात घाला. "अजून एक टर्निंग मारून देतो" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

टर्निंग केलेल्या ड्रमला स्टँडर्ड जाडीचा लायनर लावला, तर तो फक्त मधल्या भागात टेकतो. तेवढाच पट्टा तापून काचेसारखा चकाकतो आणि नवीन लायनर असूनही ब्रेक लागत नाही. अशा ड्रमसाठी ओव्हरसाइज लायनर मिळतो, तोच घ्या. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे हवेत आणि लायनरही दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

ड्रमच्या आतल्या बारीक उष्णतेच्या रेषांना घाबरू नका. मात्र नख अडकेल अशी भेग कडेपर्यंत गेली असेल, तर तो ड्रम परत चढवू नका.

लायनरच्या कडेवरचा छापही वाचा. तिथे कंपनीच्या नंबरासोबत बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. एका अ‍ॅक्सलवर 'एफ-एफ' आणि 'ई-एफ' असे मिसळून लावू नका. वाघोलीच्या खाणीवरच्या टिपरला किंवा दिवे घाटातून भरून येणाऱ्या गाडीला आमच्या मते दुसरं अक्षर जास्त महत्त्वाचं.

बूस्टर आणि अ‍ॅडजस्टर

जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त घोळ इथे सापडतो. बूस्टरवर २४ किंवा ३० असा आकडा असतो, तो आतल्या डायफ्रामचं (रबरी पडद्याचं) कामाचं क्षेत्रफळ चौरस इंचात सांगतो. डावीकडे २४ आणि उजवीकडे ३० बसला असेल, तर तेवढ्याच हवेत उजवं चाक सव्वापट जोराने आवळलं जातं. मग मालक लायनर बदलतो, ड्रम बदलतो, आणि ओढ काही जात नाही. स्लॅक अ‍ॅडजस्टरच्या दांडीचंही तसंच. ही दांडी बूस्टरचा जोर कॅमशाफ्टवर, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या दांड्यावर, पोचवते. साडेपाच इंची आणि सहा इंची दांडी नुसत्या नजरेला सारखीच वाटते, म्हणून पिनच्या भोकाच्या मध्यापासून कॅमशाफ्टच्या मध्यापर्यंत टेपने मोजा.

पार्किंग ब्रेकचा स्प्रिंग बूस्टर मात्र घरी किंवा रस्त्यावर कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. क्लँप सुटला तर झाकण गोळीसारखं उडतं आणि माणूस जागीच जाऊ शकतो.

लायनरवर हबचं ग्रीस आलं असेल, तर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून तो वाचवू नका. ग्रीस आत मुरलेलं असतं. सील आणि लायनर दोन्ही बदला. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा.

जुन्या टाटा ४०७ सारख्या, हवेऐवजी ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकच्या गाडीत, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घाला. इंजिन ऑइल चुकून पडलं तरी रबर फुगतात.

पैसे कुठे वाचवायचे, असं ग्राहक विचारतात. धुळीची पत्र्याची कव्हरं लोकल चालतील. लायनर, डायफ्राम, होज आणि व्हॉल्व्हचं किट यांत स्वस्त माल घेऊ नका, आणि पक्कं बिल मागून घ्या. आठ वर्षांपुढच्या गाडीला पासिंग (आर.टी.ओ.ची फिटनेस तपासणी) दरवर्षी असतं, पण नुसतं पासिंगपुरतं काम करून घेणाऱ्याला आम्ही तसं करू नका असंच सांगतो.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे आजही दिसतात. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर हवा भरत नाही आणि ब्रेक मारेल तशी टाकीतली हवा संपत जाते. कितीही चांगले पार्ट घातले तरी अशा वेळी त्यांचा उपयोग नाही. उतार गियरमध्येच उतरा.

येताना जुना लायनर, ड्रमचं माप, दोन्ही बूस्टरवरच्या आकड्यांचे फोटो आणि चॅसिस नंबर आणा. नवे लायनर बसवल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर सेटिंग (लायनर आणि ड्रममधलं अंतर) पुन्हा बघून घ्या. गाडी घसरू नये म्हणून चाकांना ओट (ठोकळा) लावा, हवा पूर्ण भरा, पार्किंग ब्रेक सोडा, बूस्टरच्या दांडीवर खडूने खूण करा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. साध्या ३० नंबरच्या बूस्टरची दांडी दोन इंचांपेक्षा जास्त बाहेर आली तर गाडी तशीच पुढे नेऊ नका, आधी सेटिंग करून घ्या.