मानेच्या नसेवरून हृदयाचा अंदाज

फिश फाइंडरच्या पडद्यावर उमटणारा माशांचा थवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलांना रोजचा. पाण्यात आवाज सोडायचा आणि आदळून परत आलेला टिपायचा. मानेच्या सोनोग्राफीतही हेच घडतं. फक्त तिथला आवाज खूपच जास्त कंपनांचा. तो खोल जात नाही, पण मिलिमीटरहून बारीक फरक दाखवतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी हे तंत्र पाणबुड्या शोधायला वापरलं. १९५८ मध्ये ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी त्यावर पोटातल्या गाठी पाहिल्या.

मान निवडली ती सोयीसाठी. हृदयाच्या धमन्या बरगड्या-फुफ्फुसांआड सतत हलत असतात. कॅरोटिड, म्हणजे मानेतली मोठी धमनी, मात्र कातडीखाली जवळच. चरबी दोन्हीकडे साचते, म्हणून एकीवरून दुसरीचा अंदाज. १९८६ मध्ये इटलीत पाओलो पिन्योली आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर दिसणारी धमनीच्या भिंतीची जाडी सूक्ष्मदर्शकाखालच्या मापाशी ताडून पाहिली. माप जुळलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ६५ वर्षांपुढच्या ४,४७६ लोकांचा अभ्यास आला: भिंत जितकी जाड, तितके हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त.

मग ही तपासणी सगळ्यांची करावी का? २०१० मध्ये अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने मध्यम धोक्याच्या लोकांसाठी अनुकूल मत दिलं. पण वय, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू आधीच ठाऊक असताना जाडीचा आकडा फारशी भर घालत नाही, हे २०१२ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, आणि २०१३ मध्ये ती शिफारस मागे गेली. मला ही माघार प्रामाणिक वाटते. उरला तो प्लाक, म्हणजे नसेत एका जागी उभा राहिलेला चरबीचा उंचवटा. तो दिसला तर धोका वाढलेला समजायचा, हे आजही मान्य आहे.

कोकणात सोनोग्राफी म्हटलं की अजून गरोदरपणच आठवतं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीन नोंदलेल्या जागेतून उचलून शिबिरात नेणंही सोपं नाही. त्या कायद्याची गरज आहेच. पण 'मला काय होतंय' म्हणत बीपीची गोळी सोडणारे खलाशी, बागायतदार पाहिले की स्वीडनमधला २०१९ चा प्रयोग आठवतो. तिथे निम्म्या लोकांना त्यांच्याच मानेच्या नसांचं रंगीत चित्र दिलं, त्यांच्या डॉक्टरांनाही पाठवलं, नंतर नर्सने फोन केला. वर्षभराने त्यांचा हृदयविकाराचा हिशेबी धोका बाकीच्यांपेक्षा कमी निघाला. म्हणून कुणी कॅरोटिड डॉप्लर, म्हणजे मानेच्या नसेची सोनोग्राफी, करून आलाच, तर रिपोर्ट नुसता फाइलमध्ये ठेवू नये. प्लाक आहे का, कुठे आहे, हे डॉक्टरांनी त्याला पडद्यावर बोट ठेवून दाखवावं.