तंबाखू (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, वेदगंगा-दूधगंगा खोऱ्यांत होणारे बिडी तंबाखूचे पीक, त्यावर उभा राहिलेला व्यापार व मजुरी आणि या पानाचे स्थानिक व्यसन. निपाणी ही मुख्य पेठ. अक्कोळ, जत्राट, भोज, गळतगा, सौंदलगा, बेडकिहाळ, कोगनोळी ही तिच्या पंचक्रोशीतील मराठीभाषक किंवा दुभाषिक गावे. व्यसनमुक्तीच्या लिखाणात शेत आणि वखार सहसा येत नाहीत, शेतीच्या लिखाणात तोंडाचे रोग येत नाहीत. या भागात मात्र पीक, मजुरी आणि तलफ बहुधा एकाच घरात असतात, म्हणून येथे तिन्ही एकत्र घेतली आहेत.

आगमन : तंबाखू मूळची अमेरिकेची, भारतात ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो वाटेचा. पोर्तुगिजांनी ती गोव्यात आणली व तेथून ती घाटावर चढली, हे मत रूढ आहे. त्याचा सर्वांत भक्कम आधार असद बेगच्या वृत्तांतात मिळतो. अकबराचा हा वकील विजापूरच्या आदिलशाही दरबारातून १६०४–०५ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने तेथून तंबाखू आणि रत्नजडित नळी आणून बादशहापुढे ठेवली. उत्तरेत अशी वस्तू आपण पाहिली नव्हती, असे तो सांगतो. बेळगावचा प्रदेश तेव्हा आदिलशाहीत होता आणि गोवा-विजापूर वाहतूक याच बाजूच्या घाटांनी होत असे. त्यामुळे राजधानीत तंबाखू ओढली जात होती त्या काळी हा मुलूखही तिला अनोळखी नसावा. दुसरे मत तांबड्या समुद्राकडील मुसलमान व्यापाऱ्यांकडे बोट दाखवते. याच वृत्तांतातील एक सरदार ही वस्तू मक्का-मदिनेत माहीत असल्याचे सांगतो, त्यावर हे मत उभे आहे. त्या वाक्यावरून वस्तू तिकडे ठाऊक होती एवढेच सिद्ध होते, ती तिकडून इकडे आली असे नाही. गोव्याची वाट अधिक संभवनीय दिसते. जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यास मनाई केली, तिचा दक्षिणेशी संबंध नव्हता.

ओढण्याची वस्तू म्हणून आलेली तंबाखू शेतात केव्हा स्थिरावली, हा वेगळा प्रश्न. मुंबई इलाख्याच्या बेळगाव गॅझेटिअरात (१८८४) ती पीक म्हणून नोंदलेली आहे. निपाणीचे आजचे स्वरूप बिडीच्या प्रसाराबरोबर, म्हणजे बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत घडले.

पीक : बी अत्यंत बारीक, एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे. ७५ सेंमी. चौरस अंतराने एकरी सुमारे ७,२०० रोपे बसतात, म्हणजे हिशेबाने ग्रॅमभर बी एकराला पुरावे. प्रत्यक्षात तरव्यातच (रोपवाटिकेच्या वाफ्यातच) मोठी मर होते. म्हणून वाफ्याची जमीन आधी पालापाचोळा जाळून भाजतात, बी राखेत किंवा वाळूत मिसळून फेकतात आणि झारीने पाणी देतात. पाणी जास्त झाले, रोपे दाटली की ती बुडाशी कुजून आडवी होतात. त्यावर बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) वापरतात. दीड महिन्याची रोपे पावसाच्या उत्तरार्धात लावतात. कळी दिसताच शेंडा खुडतात आणि पुढे बगलेतले फुटवे पुनःपुन्हा काढतात. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत साठते. शेंडा खुडल्यावर हा साठा वाढतो, पान जाड होते. फुटवे राहिले तर पान हलके भरते आणि वखारीत दर पडतो.

या खोऱ्यातला हाडवैरी म्हणजे बंबाखू. ही हरितद्रव्य नसलेली परोपजीवी वनस्पती तंबाखूच्या मुळाला चिकटून तिचा रस घेते. तिचा कोंब जमिनीवर दिसतो तोवर नुकसान सुरू झालेले असते. एका झाडाला असंख्य धुळीसारखे बी येते व ते दहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत जिवंत राहते. फुलण्यापूर्वी कोंब उपटून शेताबाहेर जाळणे, कोवळ्या कोंबावर कडुनिंबाच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडणे आणि उडीद, मूग, तीळ यांसारख्या पिकांचा फेरपालट करणे, हे उपाय आहेत. उपटलेले कोंब बांधावर टाकून देण्याची सवय या सर्वांवर पाणी फिरवते. निपाणी येथे धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून बिडी तंबाखूचे काही वाण तेथून आले आहेत.

पानावर तांबूस ठिपके उठले व ते हाताला खरखरीत लागले की पीक तयार. ठिपक्यांआधी कापल्यास तंबाखू ‘कडक’ होत नाही. कापलेले पीक उन्हात वाळवतात, परतण्याचे काम भल्या पहाटे दवाने पान मऊ असतानाच करतात. दुपारी हात लावल्यास त्याचा चुरा होतो. याउलट दमट पानाची गंजी घातली की आतून तापते, बुरशी धरते आणि वास बिघडतो. माल बोदांत भरून वखारीत जातो.

ओल्या पानाशी संबंध आला की ‘तंबाखू लागते’ : मळमळ, उलटी, डोकेदुखी, भोवळ, घाम. पानावरच्या दवात निकोटीन विरघळते व कातडीतून शरीरात शिरते, त्यामुळे तंबाखू न खाणाऱ्यालाही ही बाधा होते, नव्या मजुराला अधिक. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातच्या बिडी तंबाखूच्या मजुरांत ती अभ्यासली आहे. लक्षणे बहुधा दिवसभरात ओसरतात. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे आणि भिजलेले कपडे लगेच बदलणे एवढ्याने ती बरीच टळते.

वखार आणि कामगार : वखारीत पान कुटणे, चाळणे, काड्या वेगळ्या करणे व प्रतवारी ही कामे मुख्यतः बायका करतात. जाड भाग जर्दा म्हणून जातो, उरतात काडी आणि भुकणी (बारीक पूड). भुकणी हवेत उडते. खोकला, शिंका, डोळ्यांची आग हे नित्याचे, आणि पदराचा बोळा नाकाला लावण्यापलीकडे बचाव फारसा नसतो. १९८० च्या सुमारास चिकोडी तालुका कामगार महासंघाने या बायकांना संघटित केले. बिडी वळण्याचे काम घरोघर चालते. टेंभुर्णीची पाने रात्रभर भिजवून साच्याने कापायची, बिडीत पाव ग्रॅमच्या आसपास जर्दा भरायचा, दोऱ्याने बांधून कट्टे करायचे. मजुरी हजारावर ठरते. सैल, फुटक्या बिड्या छाट म्हणून बाजूला निघतात आणि त्यांची मजुरी बुडते. पाने खराब आली तरी तोटा वळणारीच्याच माथी. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. तो कायदा २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. तोवर ओळखपत्र व नोंदवही हातात नसली तर त्याचा लाभ कागदावरच राहत असे.

दर आणि आंदोलन : सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूला १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ मिळाले. बिडी तंबाखू त्याबाहेर राहिली आणि तिचा भाव व्यापारीच ठरवत राहिले. कच्च्या तंबाखूवरचे, १९४३ पासूनचे केंद्रीय अबकारी शुल्क १९७९ मध्ये उठले. त्या शुल्काबरोबर क्षेत्रनोंदणी, वाहतूक परवाने आणि निरीक्षकांची सद्दीही गेली, पण सुटलेला पैसा शेतकऱ्याच्या हाती आला नाही, ही तक्रार होती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा आकडा बहुतेक ठिकाणी १२ दिला जातो. सीमाप्रश्न तापलेल्या या पट्ट्यात मराठी व कानडी शेतकरी एकाच मागणीसाठी एकत्र बसले, याची नोंद राजकीय इतिहासकारांनी जितकी घ्यावी तितकी घेतलेली नाही. पुढे पाणीयोजना व साखर कारखाने आले आणि काळ्या रानांत ऊस व सोयाबीनने तंबाखूला मागे सारले.

व्यसन : चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, मिसरी, बिडी व गुटखा हे येथील चार मुख्य प्रकार. २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान कर्नाटकात ८.८ टक्के, महाराष्ट्रात ३.८ टक्के होते. धूरविरहित तंबाखू अनुक्रमे १६.३ व २४.४ टक्के. चंची आणि चुन्याच्या डबीचा हा सीमाभाग सवयीने महाराष्ट्राच्या वळणाचा आहे. चुना चवीपुरता असतो असे समजतात, ते तितकेसे खरे नाही. चुन्याच्या अल्कतेमुळे निकोटीन मोकळ्या रूपात येते व गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जाते, म्हणून चुना कमी पडला की बार (गालात धरलेली तंबाखू) ‘लागत’ नाही. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते आणि पुढची चिमूट मागते. बार रोज ज्या ठिकाणी धरला जातो तेथेच पांढरा चट्टा उठतो. तो पुसून जात नसेल तर दाखवायला हवा. मिसरी बायकांची : तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून, कुटून दातांना लावतात. भाजताना उठणारा ठसका घरातल्या पोरांनाही लागतो आणि गरोदरपणी ही सवय राहिली तर बाळाचे वजन कमी भरते. दात घासण्याच्या नावाखाली चालत असल्याने घरचे तिला व्यसनात धरत नाहीत. बिडीच्या पानातून हवा कमी शिरते, ती विझते, म्हणून जोराने व वारंवार ओढावी लागते. कार्बन मोनॉक्साइड व डांबर त्या मानाने अधिक आत जाते. गुटख्यात सुपारीची भर पडते. तिखट खाताना तोंडाची आग होणे ही पहिली खूण, मग गालाचे अस्तर आवळते. आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात घालता येत नसतील तर आवळणे सुरू झाले समजावे. सवय सोडल्यावरही ते पूर्ववत होत नाही, वाढ मात्र मंदावते.

कायदा : महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये, कर्नाटकाने मे २०१३ मध्ये गुटखाबंदी केली. मधल्या दहा महिन्यांत महाराष्ट्रातील कागलकडे जी पुडी बेकायदा होती ती कोगनोळीच्या अलीकडे खुलेआम विकता येत होती. नंतर पानमसाला व तंबाखू अशा दोन पुड्या शेजारी ठेवून विकण्याची युक्ती दोन्ही बाजूंना रुळली. कर्नाटकाने २०२५ मध्ये तंबाखू खरेदीचे वय २१ केले.

सोडवणूक : चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ, लक्ष न लागणे ही लक्षणे पहिले तीन दिवस सर्वाधिक असतात व दोन ते चार आठवड्यांत उतरतात. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली चिमूट घेणाऱ्यास ४ मिग्रॅ.ची निकोटीनची चघळगोळी, इतरांस २ मिग्रॅ.ची देतात. ती चुइंगमसारखी सतत चावणे ही नेहमीची चूक : झिणझिण्या येईपर्यंत चावून ती गालात धरायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायची, असे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी वर्ज्य, कारण त्यातील आम्लतेमुळे निकोटीन गालातून शोषले जात नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ विनामूल्य आहे. वखारीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत पहिले दोन आठवडे चाळणीवरून काम बदलून मिळाले तर सुटका सोपी जाते. रोजंदारीवर ते क्वचितच मिळते.