ॲस्टोरिया: गदरचे पहिले गाव

गदर, म्हणजे अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी इंग्रजी राज्याविरुद्ध उभारलेली चळवळ, म्हटले की आपल्याला सॅन फ्रान्सिस्को, तिथले गदरचे मुख्यालय युगांतर आश्रम आणि चळवळीचे विचारवंत पुढारी लाला हरदयाळ आठवतात. पण ज्या संघटनेतून हे सगळे उभे राहिले, तिच्या स्थापनेची सभा झाली ती कितीतरी उत्तरेला, ऑरेगन राज्यातल्या ॲस्टोरियात. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १०,१८१ भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचे गाव म्हणतील. १९१० मध्ये तर ती दहा हजारांच्याही आत होती. हिंदुस्थानातले इंग्रजी राज्य उलथवण्याची चळवळ अशा आडगावी का सुरू व्हावी, हे समजायचे तर आधी गावाकडे बघावे लागते.

कोलंबिया नदी प्रशांत महासागराला मिळते तिथे, दक्षिण काठावरच्या टेकडीच्या उतरणीवर ॲस्टोरिया वसले आहे. नदीमुखावरच्या वाळूच्या दांड्यांनी आजवर शेकडो जहाजे गिळली आहेत. मूळ मुलूख क्लॅटसॉप आणि चिनूक लोकांचा. जॉन जेकब ॲस्टर या व्यापाऱ्याच्या कंपनीने १८११ मध्ये कातडी आणि फरच्या व्यापारासाठी इथे ठाणे उभारले, त्याचेच नाव गावाला राहिले. दोनच वर्षांत ठाणे ब्रिटिश कंपनीला विकले गेले आणि पुढची काही दशके इथे फारशी वस्ती वाढली नाही.

गावाला खरा आकार दिला तो सॅमन माशाने. १८६६ मध्ये कोलंबियावर सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला. १८८३ पर्यंत नदीकाठी ३९ कारखाने झाले आणि त्या एका हंगामात सुमारे ६ लाख ३० हजार पेट्या भरल्या गेल्या. एका पेटीत एकेक पौंडाचे ४८ डबे. ॲस्टोरियाचे कारखाने नदीतच, लाकडी खांबांवर उभे असत. आत मासे साफ करून कापणारे हात बहुतेक चिनी कामगारांचे. बाहेर पाण्यात जाळी टाकणारे मात्र फिन्निश आणि इतर युरोपीय. त्यांच्या होड्यांची दोन्ही शिडे दोन बाजूंना पसरली की पंखांसारखी दिसत, म्हणून त्या ताफ्याला लोक फुलपाखरांचा ताफा म्हणत. दिसायला सुंदर, पण वारा फिरला की हीच होडी त्या दांड्यांवर उलटायची. अनेक कोळी बुडाले.

माशाला पौंडामागे किती सेंट द्यायचे, यावरून १८९६ मध्ये मोठा संप झाला. तो फसल्यावर कोळ्यांनी, त्यातही मुख्यतः फिन्निश कोळ्यांनी, स्वतःचा सहकारी कारखाना काढला. साखर कारखान्यांमुळे 'सहकारी' हा शब्द आपल्या घरचा झाला आहे, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. फिन्निश लोकांची युनियनटाउन ही वस्ती, त्यांचे समाजवादी सभागृह आणि 'तोवेरी' म्हणजे 'कॉम्रेड' हे वर्तमानपत्र, असा सारा पसारा १९१० च्या सुमारास ॲस्टोरियात होता. मायदेशावर रशियाच्या झारची सत्ता असल्याने परकी राज्य म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते.

त्याच काळात गावाच्या पूर्वेला, आल्डरब्रुक भागात, हॅमंड कंपनीची सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, सुरू होती. तिथे पंजाबी कामगार आले. बहुतेक शीख, पण गोऱ्यांच्या लेखी सगळेच 'हिंदू'. काम अंगमेहनतीचे. करवतीखालून निघालेल्या ओल्या, जड फळ्या साखळीवरून सरकत येत. त्या जाडी-लांबीप्रमाणे हातांनी ओढून वेगळ्या रचायच्या, आणि साखळी कुणासाठी थांबत नसे. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला आणि १९१० मध्ये पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्सला जमावाने अशाच कामगारांना मारहाण करून हुसकावले होते. ॲस्टोरियात तसा दंगा झाला नाही. द्वेष तिथेही होता. तरी गिरणीला कामगार हवे होते आणि आजूबाजूचे बहुतेक जण स्वतःच परदेशातून आलेले, त्यामुळे पाय रोवायला थोडी जागा मिळाली. लेखिका कर्तार ढिल्लाँ यांचे बालपण याच वस्तीत गेले. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते.

१९१३ च्या पूर्वार्धात सोहनसिंग भकना, काशीराम आणि इतर मंडळी नदीकाठच्या गिरण्यांतून सभा घेत फिरली. उन्हाळ्याच्या तोंडावर ॲस्टोरियाच्या फिन्निश समाजवादी सभागृहात हरदयाळांचे भाषण झाले आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांची संघटना उभी राहिली. भकना अध्यक्ष, हरदयाळ सरचिटणीस, काशीराम खजिनदार. स्थानिक कामगारांचे पुढारी केसरसिंग उपाध्यक्ष झाले. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून संघटनेच्या 'गदर' या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्यामागे गिरणी कामगारांच्या रोजंदारीतून साठवलेले डॉलर होते. इतिहास लिहिताना विद्वान हरदयाळ पुढे येतात आणि फळ्या ओढणारे मागे पडतात, हे मला नेहमी खटकत आले आहे.

मराठी माणसेही या धाग्यात आहेत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकत होते आणि काशीराम यांच्याबरोबर कामगारांत वावरत होते. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर संशोधन केले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले ते गदरचे होऊनच परतले. मेरठच्या घोडदळाच्या छावणीत ते पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात गदरचे तरुण क्रांतिकारक कर्तारसिंग सराभा यांच्यासह त्यांना फाशी झाली. काशीराम त्याच वर्षी मार्चमध्ये फासावर गेले होते.

ॲस्टोरियातली वस्ती फार टिकली नाही. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने हिंदुस्थानातून येण्याची दारे बंद झाली. १९२२ मध्ये हॅमंडची गिरणी जळाली आणि कामगार पांगले. त्याच वर्षी ८ डिसेंबरच्या आगीत, खांबांवर उभी असलेली मुख्य बाजारपेठ राख झाली. काही काळ इथे काम केलेल्या भगतसिंग थिंद यांना मिळालेले अमेरिकी नागरिकत्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९२३ मध्ये अवैध ठरवले. ते 'गोरे' नाहीत, हे कारण.

पुढे सॅमन कमी झाले, टूना आला, १९६६ मध्ये नदीवर साडेसहा किलोमीटरचा पूल झाला, आणि १९८० मध्ये शेवटचा मोठा डबाबंद कारखानाही बंद पडला. आता गाव पर्यटनावर चालते. पंजाबी कामगारांची आठवण इथे जवळजवळ पुसली गेली होती. जनगणनेच्या नोंदी आणि जुनी वर्तमानपत्रे चाळून संशोधकांनी ती पुन्हा बाहेर काढली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये शहराने गदरची शताब्दी साजरी केली. पंजाबी कुटुंबे दुरून आली, फलक लागला. ओहोटीच्या वेळी काठाने चालत गेले, तर जुन्या कारखान्यांचे काळे पडलेले खांब आजही रांगेने पाण्यात उभे दिसतात.